किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव

नांदेड व लातूर येथील शाळांतून परीक्षेंत चमकलेलीं मुलें पुढें कोठें जातात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पुणें, मुंबई, नाहीं तर हैदराबाद! गुणी माणूस गांवांत राहत नाहीं, आणि गुणी माणूस नाहीं म्हणून गांवांत कारखाना उभा राहत नाहीं, हें रडगाणें आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों आहों. हा पेंच ज्या गृहस्थांनीं निवडुंगाच्या एका माळावर सोडविला, त्यांचें चरित्र म्हणूनच येथें थोडक्यांत सांगावेंसें वाटतें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर गांवीं झाला. शालेय अभ्यासांत त्यांचें चित्त रमेना. चित्रें आणि यंत्रें हे दोनच त्यांचे छंद. थोरले बंधु रामुअण्णा यांच्या पाठिंब्यानें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखतां येत नाहींत असें तेथें त्यांस आढळून आलें आणि चित्रकार होण्याची आशा मावळली. मग जिला रंगांची गरज नाहीं अशी यंत्रांच्या आराखड्यांची विद्या त्यांनीं हस्तगत केली व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तीच शिकविण्याची नोकरी धरली.

तेथें पुढें जें घडलें तीच आम्हांस या चरित्राची गुरुकिल्ली वाटते. बढतीची वेळ आली तेव्हां लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला. पगार थोडा म्हणून माणूस जातो हें खरें. पण आपल्या कामाची येथें कोणास किंमत नाहीं असें कळलें कीं तो त्याहून लवकर जातो. आपण काय गमावलें याची त्या वेळीं वरिष्ठांस कल्पनाहि नसावी!

बेळगांवीं बंधूंचें सायकलींचें दुकान होतेंच. तेथें परत येऊन त्यांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें व पुढें लोखंडी नांगर तयार केले. लोखंडानें जमिनीस विष बाधेल अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळें पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. त्यांतच कारखान्याची जागा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीच्या योजनेंत गेली. अशा वेळीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंत प्रतिनिधि यांनीं दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. १० मार्च १९१० हा त्या वसाहतीचा जन्मदिवस होय.

माळ कसला, निवडुंग आणि नाग यांचें राज्यच तें! अशा ठिकाणीं कोण येणार? आले ते पंचवीस कामगार आणि त्यांचीं कुटुंबें. रामुअण्णांनीं वसाहतीची आंखणी व व्यवस्था पाहिली. शंभोराव जांभेकरांकडे कारखान्याची देखरेख, मंगेशराव रेग्यांकडे हिशेब आणि पत्रव्यवहार. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले गृहस्थ. परंतु नवनवीन यांत्रिक कल्पना त्यांच्याच डोक्यांतून निघत. दुसऱ्या एखाद्या मालकानें प्रथम त्यांचें प्रमाणपत्र मागितलें असतें, आणि मग नम्रपणें वाटेस लावलें असतें. रात्रीचा पहारा तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांच्याकडे होता. हे दोघेहि दरोड्याच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले. ज्यांस गांव दारांत उभें करीना, त्यांच्या हातीं लक्ष्मणरावांनीं साऱ्या कारखान्याचें रक्षण सोपविलें! आणि वाडीच्या हद्दींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा दंडक घातला. ज्या काळीं पाणवठेसुद्धां जातवार वांटलेले होते, त्या काळीं हा दंडक किती लोकांस खुपला असेल, याची कल्पना आमच्या खेडेगांवांतून आलेल्या विद्यार्थ्यांस सहज येईल.

हें सारें केवळ दयाबुद्धीनें झालें असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. लक्ष्मणराव व्यवहारी होते. शहरांतील शिकलेला कारागीर त्या माळावर येऊन टिकणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें असावें; म्हणून जो माणूस जवळ होता त्याच्यांतील गुण हेरून त्यांनीं त्यास काम दिलें, घर दिलें, आणि मुख्य म्हणजे जबाबदारी दिली. पहिल्या महायुद्धांत परदेशी माल येईनासा झाला, मागणी वाढली, पण लोखंड मिळेना. तेव्हां कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा वितळवून ओतकाम चालविण्यांत आलें. अशा ओढाताणींत मालकाबरोबर टिकून राहणारीं माणसें आधीं जमवावीं लागतात, तीं ऐन वेळीं भाड्यानें मिळत नाहींत.

१९४८ सालीं, गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळींत, कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. वृद्धापकाळीं हा घाव सोसून त्यांनीं तो पुन्हां सुरू झालेला पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं ते वारले.

कुंडल रोड हें जुनें नांव आतां वेळापत्रकांत सांपडत नाहीं. मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीनें प्रवास करणाऱ्यास त्या जागीं किर्लोस्करवाडी अशी पाटी दिसते.