नामदार गोखले आणि गिरमिटाचा व्यापार

गोपाळ कृष्ण गोखले हें नांव उच्चारतांच अंदाजपत्रकावरील भाषणें व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल हीं आमच्या वाचकांस सहज आठवतात. परंतु समुद्रापार उंसाच्या मळ्यांत राबणाऱ्या निरक्षर मजुरांसाठीं या पुरुषानें जें केलें, त्याचें स्मरण फार थोड्यांस असतें.

गोखल्यांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. बालपणींच पितृछत्र हरपलें. वडील बंधूंनीं स्वतःचें शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरिली व त्यांतील ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणास दिले. गरज माणसास काय करावयास लाविते, हें त्यांनीं घरींच पाहिलें होतें. पुढें फर्ग्युसन कॉलेजांतील अध्यापन संपवून ते १९०२ सालीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत गेले आणि १९०५ सालीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला.

गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांनीं १८३४ पासून हिंदी मजूर नेण्यास आरंभ केला. अरकाट्यास दर डोई पैसे मिळत. तो गरजूंस भूल घाली, आंगठा घेई आणि पांच वर्षांचें गिरमिट गळ्यांत बांधी. कामावर गैरहजेरी हा तेथें फौजदारी गुन्हा असे. दोघां व्यापाऱ्यांचा करार मोडला तर दिवाणी दावा होतो, तुरुंग नव्हे. आणि करार वाचल्यावांचून सही कोण करितो? न समजलेली संमति ही संमतिच नव्हे, हें गोखल्यांचें मुख्य म्हणणें होतें.

फेब्रुवारी १९१० मध्यें त्यांनीं आणलेला नाताळपुरता ठराव सरकारनें मान्य केला व १ जुलै १९११ पासून तिकडील भरती थांबली. ता. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं ही पद्धतच समूळ बंद करण्याचा ठराव मांडला; २२ मतें अनुकूल, ३३ प्रतिकूल पडून तो फेटाळला गेला. त्याच वर्षीं प्रकृति क्षीण असतांही ते दक्षिण आफ्रिकेंत गेले. गिरमिटमुक्तांवरील वार्षिक तीन पौंडांचा कर रद्द होईल, अशी समजूत घेऊन ते परतले. ती खोटी ठरली. १९१३ सालीं हजारों मजुरांनीं संप केला, तेव्हां गोखल्यांनीं देशभर निधि जमविला. १९१४ सालीं तो कर उठला.

ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. पुढील वर्षीं पंडित मालवीयांनीं तोच ठराव पुन्हां मांडला व तो मान्य झाला. १९१७ सालीं भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजीं फिजींतील उरलीं गिरमिटेंही रद्द झालीं.

वेठबिगारीविरुद्ध आपल्या देशांत १९७६ चा कायदा आहे. तरीही ऊसतोडीच्या हंगामीं मुकादमाची उचल घेऊन निघालेलें नवराबायकोचें जोडपें एक कोयता म्हणून मोजलें जातें, आणि ती उचल पुष्कळदां हंगाम संपला तरी फिटत नाहीं. साखरेचा भाव बारकाईनें विचारणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं, तोडणाऱ्याचा हिशेब त्यास कोणीं वाचून दाखविला काय, एवढेंही विचारावें. नामदारांच्या पुण्यतिथीस याहून उचित श्रद्धांजलि आम्हांस दिसत नाहीं.