हकीम अली इब्न रिझवान

विद्यार्थी मित्रांनो, मे महिन्याच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास गच्चीवर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला वृश्चिक रास दिसेल. तिच्या उजवीकडे, थोड्या खालच्या अंगाला, वृक नावाचा मंद तारकासमूह आहे. नांदेड-लातूरहून तो कैरोपेक्षा अधिक उंचावर दिसतो. तेथेच १००६ साली एक तारा फुटला आणि कैरोतील एका तरुणाने तो पाहिला.

अलीचा जन्म ९८८ च्या सुमारास गीझा येथे झाला. वडील रोट्या भाजून विकत. चौदाव्या वर्षी मुलाने वैद्यक शिकायला घेतले, पण गुरूला देण्यास पैसा नव्हता. ग्रंथ हेच त्याचे गुरू झाले आणि खर्चासाठी तो लोकांना ग्रहांवरून भविष्य सांगू लागला. पालकहो, हा धंदा आपणांस रुचणार नाही, पण खगोलशास्त्राला तोच उपयोगी पडला!

पुढे टॉलेमीच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्यांनी तो तारा आठवला. शुक्राच्या अडीच ते तीन पट मोठा आणि चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडा अधिक प्रकाश देणारा, असे त्यांनी नोंदवले. भविष्यवेत्त्याच्या सवयीने त्या दिवशीचे सूर्य, चंद्र व ग्रह कोठे होते तेही लिहिले. त्यावरून आजच्या संशोधकांनी गणित करून ३० एप्रिल १००६ हा दिवस काढला.

हकीमसाहेब पुढे मिसरच्या वैद्यांचे प्रमुख झाले. स्वभाव मात्र तापट. बगदादचे इब्न बुतलान यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. ग्रंथ श्रेष्ठ की गुरू, हाही त्यातला एक मुद्दा. गंमत अशी की १०५४ च्या फुटलेल्या ताऱ्याची नोंद याच इब्न बुतलान यांनी ठेवली. १०६१ च्या सुमारास अली वारले.

त्यांच्या ताऱ्याचे अवशेष १९६५ साली ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बिणीने हुडकले. अंतर सुमारे ७००० प्रकाशवर्षे. फुटला तो श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आक्रसलेला तारा. असा तारा एकटा सहसा फुटत नाही. जोडीदाराचे द्रव्य ओढून घेतो, किंवा दोन श्वेतबटू एकमेकांत विलीन होतात. पहिल्या प्रकारात जोडीदार मागे उरायला हवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्फोटाच्या जागेभोवतीचे तारे तपासले गेले. जोडीदार सापडला नाही. त्यामुळे त्या रात्री कैरोवर चमकले ते बहुधा एक नव्हे, दोन तारे होते.