संसार मोडला, साथ सुटली नाही

लग्न जमवताना आपल्याकडे काय काय पाहिलं जातं! पत्रिका, नाडी, गोत्र, मुलाची नोकरी, बदलापूर-अंबरनाथकडे स्वतःचा फ्लॅट आहे की भाड्याचा. घराण्यात काही आजार आहे का, हे मात्र आडून आडून विचारलं जातं आणि उत्तरही आडूनच मिळतं. कुणाच्या आत्याला वेड लागलं होतं, कुणाचा मामा तरुणपणीच अंथरुणाला खिळला होता, हे साखरपुड्याच्या आधी कुणी बोलत नाही. नंतर कळतं, तेव्हा नव्या सुनेच्या कडेवर मूल असतं.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असं मला वाटायचं. मार्जोरी गथ्रीची गोष्ट वाचली आणि तिकडे अमेरिकेतही अगदी हेच होतं, हे कळलं.

मार्जोरीचा जन्म १९१७ सालचा, अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचा. माहेरचं नाव ग्रीनब्लाट. आई अलिझा ही यिडिश भाषेतली कवयित्री, सार्वजनिक कामात वावरणारी. घर ज्यू आणि पुस्तकांचं. लेकीनं मात्र नाच निवडला. आधुनिक नृत्यात ज्यांचं नाव आजही आदरानं घेतलं जातं, त्या मार्था ग्रॅहम यांच्या संचात ती अनेक वर्षं नाचली आणि त्यांच्या हाताखाली शिकवूही लागली. मार्जोरी माझिया या नावानं ती ओळखली जायची. माझिया हे तिच्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव.

१९४२ मध्ये न्यूयॉर्कला एका नृत्याच्या कार्यक्रमात लोकगीतं गायला एक जण आला. विस्कटलेल्या केसांचा, हातात गिटार घेतलेला, तालाच्या मात्रा कधीच ठरल्याप्रमाणे न मोजणारा. तो वुडी गथ्री. दुष्काळानं उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांची, मजुरांची गाणी लिहिणारा हा ओक्लाहोमाचा माणूस. १९४० साली त्यानं देशाच्या भूमीवर लिहिलेलं गाणं पुढे अमेरिकेतल्या शाळाशाळांतून मुलांना शिकवलं गेलं. गाणं बेशिस्त आणि नाच शिस्तीचा! मार्जोरीनं म्हणे मात्रा लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं करून त्याला ताल मोजायला शिकवलं. दोघांचीही आधी लग्नं झालेली होती. वुडीला पहिल्या बायकोपासून तीन मुलं होती. समाजाला न रुचणारंच सगळं. पण १९४३ मध्ये त्यांची मुलगी कॅथी जन्मली आणि १९४५ मध्ये दोघांनी लग्न केलं. कोनी आयलंड भागात मर्मेड अव्हेन्यूवर त्यांचं छोटंसं घर होतं. वुडीनं लहान मुलांसाठी जी गोड गाणी लिहिली, त्यातली कितीतरी या कॅथीच्या बोबड्या बोलांतून सुचलेली.

१९४७ च्या फेब्रुवारीत कॅथीला चार वर्षं पूर्ण झाली आणि काही दिवसांतच घरात विजेच्या तारेमुळे आग लागली. मार्जोरी जवळच्याच दुकानात गेली होती. पोर वाचली नाही. मार्जोरीला तेव्हा दिवस गेलेले होते. जुलैत आर्लो जन्मला. पुढच्या तीन वर्षांत जोडी आणि नोरा ही भावंडं आली. त्या बाईनं ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना आपण आयांनीच करावी.

घर पुन्हा उभं राहतंय असं वाटत असतानाच वुडी बदलू लागला. बोलणं अडखळायचं, चाल झोकांड्या खाल्ल्यासारखी, हात आपोआप उडायचे. राग तर असा की ओळखू येऊ नये. लोक म्हणायचे, दारू. डॉक्टरही आधी तेच म्हणाले, मग मनाचा आजार म्हणाले. नवरा प्यायला लागला की बोटं बायकोकडेच वळतात, हे काही मी सांगायला नको. १९५२ मध्ये ब्रुकलिनच्या सरकारी इस्पितळात खरं नाव कळलं, हंटिंग्टन कोरिया.

या रोगाबद्दल थोडं सांगायला हवं. जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकेतला अवघा बावीस वर्षांचा डॉक्टर. त्याचे वडील आणि आजोबाही एकाच गावात डॉक्टर. तीन पिढ्यांनी पाहिलेल्या रोगी घराण्यांवरून त्यानं १८७२ मध्ये या रोगाचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याचं नाव रोगाला पडलं. कोरिया हा शब्द ग्रीक, अर्थ नाच. रोग्याचे हातपाय मनाविरुद्ध हलत राहतात म्हणून. एका नर्तकीच्या नवऱ्याला हा रोग व्हावा! बहुधा तिशी ते पन्नाशीत तो डोकं वर काढतो, म्हणजे तोवर लग्न, मुलंबाळं सगळं झालेलं असतं. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी तोल जातो, मग स्वभाव, मग बोलणं, गिळणं, स्मरण. पंधरा-वीस वर्षं हे चालतं.

आणि तो रक्ताच्या नात्यातून येतो. आईला किंवा बापाला, दोघांपैकी एकालाच असला तरी प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तशी. पहिल्याला झाला म्हणून दुसरा सुटला असंही नाही. प्रत्येकासाठी नाणं नव्यानं उडतं.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरच्या बायकांना थॅलेसेमिया माहीत आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी हे शहर वसवलं आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आढळतं. (इतर समाजांत नाही असं समजून कुणी निर्धास्त राहू नये.) तिथं गणित वेगळं आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारातली एक शक्यता. लग्नाआधी दोघांनी रक्ताची एक साधी चाचणी केली तर कळतं. आम्ही खरवईच्या बायका रक्तदान शिबिरांना मदत करतो, तेव्हा या मुलांच्या आया भेटतात. दर दोन-चार आठवड्यांनी लेकराला रक्त चढवायचं म्हणजे काय, हे त्यांना विचारावं. पण त्यातल्या एकीनं मला बाजूला घेऊन विनवलं होतं, की मुलाचं नाव कुठं छापू नका, मोठ्या मुलीचं लग्न व्हायचंय. तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही.

वुडीची आई नोरा हिचंही असंच झालं होतं. तिचे हातपाय उडायचे, ती विचित्र वागायची, घरात आगी लागायच्या. वुडीची थोरली बहीण भाजून गेली. गावानं नोराला वेडी ठरवलं आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळातच ती गेली. तिला कुठला रोग होता, हे कुणी वुडीला नीट सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्यानं लग्न केलं तेव्हा मार्जोरीला तरी काय कळणार?

निदान झालं तेव्हा तिची तीन मुलं पाच वर्षं आणि त्याखालची होती. वुडीचे झटके इतके भयंकर झाले होते की मुलांना धोका होता. १९५३ मध्ये घटस्फोट झाला. वुडीनं तिसरं लग्न केलं, तेही टिकलं नाही. मार्जोरीनंही पुढे दुसरा संसार मांडला आणि ब्रुकलिनमध्ये नृत्यशाळा चालवून मुलं वाढवली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. कायद्यानं तिचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता. आणि आधी मारझोड सोसलेल्या बाईनं पाठ फिरवली असती तर मी तरी तिला नावं ठेवली नसती. पण १९५४ पासून वुडी कायमचा इस्पितळात गेला आणि त्याची काळजी घेणारी होती ती मार्जोरीच. पाच वर्षं न्यूजर्सीच्या ग्रेस्टोन इस्पितळात, मग पुन्हा ब्रुकलिनला, शेवटी क्वीन्समधल्या क्रीडमूरला. मनोरुग्णांच्या गर्दीत हा शुद्धीतला पण शरीरावर ताबा नसलेला माणूस. १९६१ मध्ये बॉब डिलन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्याला भेटायला मुद्दाम न्यूयॉर्कला आला, हे पुष्कळांना माहीत असतं. मार्जोरी आठवड्यामागून आठवडे जात होती, त्याची चर्चा झाली नाही. रविवारी ती त्याला घरी आणायची. मुलांनी बापाला पाहावं, त्याचा हात धरावा, त्याला घाबरू नये, हा तिचा हट्ट. त्याची वाचा गेली तेव्हा तिनं पुन्हा पुठ्ठ्याची कार्डं केली. एकावर हो, दुसऱ्यावर नाही. तो थरथरत्या हातानं दाखवायचा. पूर्वी ताल शिकवायला कार्डं, आता एवढ्यासाठी.

३ ऑक्टोबर १९६७ ला वुडी गेला. वय पंचावन्न.

मार्जोरी पन्नाशीची होती. तीन तरुण मुलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ते उडवलेलं नाणं. क्रीडमूरला डॉ. जॉन व्हिटियर या रोगाचा अभ्यास करत होते. आपण काय करू शकतो, हे ती त्यांच्याशी बोलली. औषध नव्हतंच. रोगी किती आहेत याचा कुणाला पत्ता नव्हता, कारण घरंच्या घरं गप्प होती. रोगी दिसत नाहीत म्हणून संशोधक वळत नाहीत, संशोधन नाही म्हणून पैसा नाही आणि काहीच इलाज नाही म्हणून लोक लपवतात. हा फेरा कुठंतरी तोडायचा, तर सुरुवात घरांपासूनच करायला हवी, हे तिनं ओळखलं. मला तिचं सगळ्यात मोठं शहाणपण हेच वाटतं. तिनं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. या रोगाच्या कुटुंबांनी आपल्याला कळवावं, इतकंच. मोजकी कुटुंबं आली. त्यांना घेऊन १९६७ मध्येच तिनं हंटिंग्टनविरोधी समिती स्थापन केली.

मग सुरू झाली पायपीट. गावोगाव जाऊन शाखा काढणं, नर्सना, वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा रोग समजावणं, पुढाऱ्यांची दारं ठोठावणं. वुडीच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९७० मध्ये लॉस एंजेलिसला गाण्याचे मोठे कार्यक्रम झाले, त्यातून समितीला पैसा मिळाला. नवऱ्याचं नाव तिनं कामासाठी बिनदिक्कत वापरलं आणि बरंच केलं! इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियातही १९७० च्या दशकात कुटुंबांनी अशा संस्था उभ्या केल्या, त्यामागे तिचा धीर होता.

कॅलिफोर्नियात मिल्टन वेक्सलर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांच्या घटस्फोटित पत्नीला १९६८ मध्ये हाच रोग निघाला. आपल्या दोन मुलींच्या काळजीनं त्यांनी मार्जोरीच्या समितीची शाखा काढली. त्यांचा सगळा ओढा प्रयोगशाळेकडे. मार्जोरीला संशोधन हवंच होतं, पण आज जो रोगी खुर्चीवरून घसरतोय त्याला कोण धरणार, ही चिंताही तेवढीच. पुढे वेक्सलरांनी संशोधनासाठी वेगळी संस्था काढली. सामाजिक कामात हे मतभेद आपल्याकडेही होतात आणि बहुतेकदा त्यातून भांडणंच निघतात. इथं मात्र वेक्सलरांची मुलगी नॅन्सी दोन्हीकडे काम करत राहिली.

१९७६ मध्ये अमेरिकी संसदेनं या रोगासाठी खास आयोग नेमला. अध्यक्ष मार्जोरी, कार्यकारी संचालक नॅन्सी. एक नृत्यशिक्षिका सरकारी आयोगाच्या अध्यक्षपदी! आयोग शहराशहरांत गेला आणि ज्यांनी शेजाऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं अशी माणसं उभी राहून जाहीरपणे बोलली. नोकरी गेलेली, विमा नाकारलेली, नवऱ्यानं टाकलेली. १९७७ मध्ये अहवाल आला. त्यातल्या शिफारशींत एक होती, व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराच्या काठी जाऊन अभ्यास करण्याची. तिथल्या कोळ्यांच्या वस्त्यांत हा रोग जगात सर्वांत दाट होता. तिथल्याच डॉ. नेग्रेत यांनी तो १९५० च्या दशकात ओळखला होता. नॅन्सी वेक्सलर आणि सहकारी वर्षानुवर्षं तिथं जात राहिले, वंशावळी लिहिल्या, रक्ताचे नमुने आणले.

दुर्मीळ रोगांवरची औषधं खपत नाहीत म्हणून कंपन्या ती बनवत नव्हत्या. त्यांना सवलती देणारा कायदा अमेरिकेत जानेवारी १९८३ मध्ये झाला, तोही रोग्यांच्या कुटुंबांनी लावून धरला म्हणून. (आपल्याकडे दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं २०२१ मध्ये. त्यातल्या उपचार केंद्रांत मुंबईचं केईएम आहे आणि मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, हे ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी लक्षात ठेवावं. कुठल्या आजाराला ती लागू आहे, हे तिथंच विचारावं.)

मार्जोरीला कर्करोग झाला आणि १३ मार्च १९८३ ला ती गेली. वुडीच्या पहिल्या बायकोच्या दोन्ही मुलींना बापाचा रोग झाला होता. दोघीही एकेचाळिसाव्या वर्षी गेल्या. मार्जोरीच्या तिघांत मात्र तिच्या हयातीत रोगाचं लक्षण दिसलं नाही.

ती गेली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बातमी आली. माराकायबोच्या आणि एका अमेरिकी कुटुंबाच्या रक्तनमुन्यांवरून जेम्स गुसेला यांच्या गटानं शोधलं होतं, की रोगाचा दोष चौथ्या गुणसूत्रावर आहे. नेमका जनुक सापडायला आणखी दहा वर्षं लागली, १९९३ उजाडलं. आज रक्ताच्या चाचणीतून रोग होणार की नाही हे आधी कळतं. रोग मुळापासून बरा करणारं औषध मात्र अजून नाही, म्हणून अशा घरांतले कितीतरी जण ती चाचणी करून घेतच नाहीत. मार्जोरीच्या समितीचं नाव १९८६ मध्ये बदलून अमेरिकेची हंटिंग्टन रोग संस्था असं झालं. त्या घरांतला कुणी फोन करतो, तेव्हा चाचणी करायची की नाही हे तिथं त्याच्यावर लादत नाहीत, ऐकून घेतात.