काळवंडलेली त्वचा आणि डॉक्टर ॲडिसन

विजेच्या दिव्याचा एडिसन आपणा सर्वांना ठाऊक आहे. हा तो नव्हे. हा त्याच्याही आधी होऊन गेलेला एक इंग्रज वैद्य, थॉमस ॲडिसन. प्राणिशास्त्राच्या तासाला अधिवृक्क ग्रंथी शिकताना त्याचे नाव मी परीक्षेपुरते पाठ केले होते आणि परीक्षेबरोबरच विसरलो होतो. ते पुन्हा कानावर आले ते माझ्या मावशीच्या दुखण्यात.

मावशी मूळची गव्हाळ वर्णाची. वर्षभरात ती काळवंडली. उन्हात जाणे नाही, शेतातले काम नाही. शेजारणींनी हळद आणि बेसन सांगितले, कोणी रंग उजळण्याचे मलम आणून दिले, कोणी वयावर ढकलले. ती वाळत चालली होती, उठताना तिला घेरी येत असे, जेवताना पानात पुन्हा पुन्हा मीठ वाढून घेत असे. याकडे आम्ही कोणीच पाहिले नाही. सगळ्यांना दिसला तो फक्त रंग. शेवटी एका वृद्ध डॉक्टरांनी तिचा तळहात उघडून रेषा पाहिल्या, तोंडात बॅटरीचा उजेड टाकून हिरड्या पाहिल्या. रेषा काळ्या पडलेल्या, हिरड्यांवर पूर्वी कधी नसलेले डाग. ऊन काही हिरड्यांपर्यंत पोहोचत नाही! रक्त तपासायला पाठवताना त्यांनी ॲडिसनचे नाव घेतले, आणि मी त्याचे चरित्र शोधू लागलो.

ॲडिसनचा जन्म १७९३ साली न्यूकॅसलजवळच्या लाँग बेंटन गावी झाला. वडील किराणा आणि पिठाचे व्यापारी. मुलगा लॅटिनमध्ये इतका तयार झाला की व्याख्यानांची टिपणेही तो त्याच भाषेत घेई. १८१५ साली एडिंबरोला त्याने वैद्यकाची पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता उपदंश आणि पारा. पुढे लंडनला येऊन त्याने त्या काळचे नामांकित त्वचारोगतज्ज्ञ टॉमस बेटमन यांच्या हाताखाली काम केले. त्वचा वाचण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी, असे मला वाटते.

त्याचे उरलेले सारे आयुष्य गाइज हॉस्पिटलात गेले. १८२४ साली तो तिथे सहायक वैद्य झाला, १८३७ साली पूर्ण वैद्य. रिचर्ड ब्राइट आणि टॉमस हॉजकिन हे त्याचे सहकारी. तिघांचीही नावे पुढे रोगांना मिळाली. विद्यार्थ्यांना त्याची व्याख्याने फार आवडत, पण माणूस म्हणून तो दूरचा आणि करडा वाटे. मुळात तो लाजाळू होता आणि ती लाज तो कठोरपणाखाली झाकत असे. खाजगी रुग्णांची गर्दी त्याच्याकडे कधी झाली नाही. रोग ओळखण्यात त्याला जितका रस होता तितका औषधे लिहून देण्यात नव्हता, हेही त्याचे एक कारण.

एका विलक्षण पांडुरोगाचा तो मागोवा घेत होता. रुग्ण फिकट पडत, थकत आणि मरत. कारण सापडत नसे. मृत्यूनंतर शरीरे तपासताना काहींच्या मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या दोन लहानशा ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या. या ग्रंथींचे काम काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. १८४९ साली त्याने हा विषय लंडनमधील एका वैद्यकसभेपुढे मांडला. १८५५ साली पुस्तक काढले, त्यात अकरा रुग्णांच्या हकिकती आणि रंगीत चित्रे. अशक्तपणा, हृदयाची क्षीण गती, पोटाची तक्रार आणि त्वचेचा धुरकट, तपकिरी रंग, ही लक्षणे त्याने एका माळेत गुंफली. काही रुग्णांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरल्या होत्या, काहींच्या कर्करोगाने. मायदेशात काहींनी शंका काढल्या. पॅरिसला मात्र त्रूसो यांनी या रोगाला ॲडिसनचेच नाव दिले. १८५६ साली ब्राऊन-सेकार यांनी या ग्रंथी काढलेली जनावरे जगत नाहीत, हे प्रयोगाने दाखवले.

रंग का बदलतो, हे मात्र त्याला कळणे शक्य नव्हते. या ग्रंथींचा कॉर्टिसॉल कमी पडला की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी त्यांना जागे करणारे हॉर्मोन भरमसाट सोडते, आणि तेच हॉर्मोन त्वचेतील मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींनाही चेतवते. म्हणून तळहाताच्या रेषा, सांध्यांवरची कातडी, जुने व्रण आणि घासले जाणारे भाग आधी काळे पडतात. काळवंडणे म्हणजे नेहमी हाच रोग, असे कोणी समजू नये. वांग, गर्भारपण, ऊन, काही औषधे ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. पण काळेपणाबरोबर अशक्तपणा, घेरी आणि वजनात घट असेल तर मलम चोळत बसणे धोक्याचे आहे. शिवाय बाजारातल्या काही गोरेपणाच्या मलमांत ॲडिसनच्या प्रबंधातला तोच पारा असतो, काहींत स्टेरॉइड. आणि तीव्र स्टेरॉइड फार दिवस चोळले तर याच ग्रंथी मंदावतात.

ॲडिसनच्या रुग्णांना तो काहीच देऊ शकला नाही. उपाय हाती आला तो विसाव्या शतकात. या ग्रंथींच्या हॉर्मोनांवरील कामासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या आणि मीठ टिकवणारी दुसरी गोळी जन्मभर घेतली की रुग्ण नेहमीचे आयुष्य जगतो. त्या अचानक बंद केल्या तर जीव जाऊ शकतो. ताप आला, शस्त्रक्रिया झाली, तर मात्रा वाढवावी लागते.

ॲडिसनला स्वतःला औदासीन्याचा रोग वारंवार गाठत असे. १८६० साली त्याने प्रकृतीपायी काम सोडले, आणि त्याच वर्षी २९ जूनला ब्रायटन येथे त्या आजाराच्या भरात स्वतःचे आयुष्य संपवले. लॅनरकॉस्टच्या जुन्या मठाच्या आवारात त्याला पुरले आहे.

मावशीच्या तळहातावरच्या रेषा तीन-चार महिन्यांत फिकट होऊ लागल्या. सकाळची गोळी चहाच्या आधी घेतली की नाही, हे मी रोज फोनवर विचारतो, आणि ती रोज माझ्यावर चिडते.