मेजर नरेंद्र धर जयाल : गिर्यारोहकांचे पहिले प्राचार्य

स्वतंत्र भारतातील गिर्यारोहणाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत मेजर नरेंद्र धर ऊर्फ नंदू जयाल यांचे नाव अग्रभागी आहे. २५ जून १९२७ रोजी जन्मलेल्या जयाल यांना हिमालयाची ओढ लागली ती डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये. जॅक गिब्सन, होल्ड्सवर्थ यांच्यासारखे पर्वतप्रेमी शिक्षक त्यांना लाभले. पुढे सैन्याच्या बंगाल सॅपर्स दलात अधिकारी झाल्यावरही हा छंद सुटला नाही, उलट त्याचे व्रत झाले.

१९५३ मध्ये तेनसिंग नोर्गे यांनी एव्हरेस्ट सर केले. त्या विजयाचे स्मारक म्हणून ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पहिले प्राचार्य म्हणून जयाल यांची नियुक्ती झाली, तर प्रत्यक्ष प्रशिक्षणाची धुरा तेनसिंग यांनी वाहिली. जयाल केवळ कार्यालयातले प्राचार्य नव्हते. १९५५ मध्ये त्यांनी ७,७५६ मीटर उंचीचे कामेत शिखर गाठले. भारतीय तरुणांनी परक्यांच्या मोहिमांत हमाल म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मोहिमांचे नायक म्हणून हिमालयात जावे, हा त्यांचा ध्यास होता.

१९५८ मध्ये मुंबईच्या केकी बन्शा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तुकडी ८,००० मीटरहून उंच असलेल्या चो ओयूवर निघाली. जयाल मागाहून निघाले आणि सोबत्यांना गाठण्यासाठी झपाट्याने चढत गेले. शरीराला उंचीची सवय होण्यास हवा तो अवधी मिळाला नाही. फुप्फुसांच्या विकाराने २८ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. वयाची ३१ वर्षेही पुरी झाली नव्हती. दुःख गिळून तुकडी पुढे गेली आणि १५ मे रोजी सोनम ग्यात्सो व पासंग दावा लामा शिखरावर पोहोचले.

अशा मृत्यूंना त्या काळी बहुधा न्यूमोनिया समजले जाई. १९६० मध्ये अमेरिकन डॉक्टर व गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनी दाखवून दिले, की विरळ हवेमुळे निरोगी माणसाच्याही फुप्फुसांत पाणी साचते. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यांतील दाब वाढतो आणि द्रव पाझरू लागतो. बळकट प्रकृती हे त्यावर कवच नव्हे. उलट, धडधाकट तरुणच घाई करतात.

हेब्बाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. येथून सकाळी विमानतळाकडे निघालेला प्रवासी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तेथे उतरतो. म्हणून पोहोचल्यावर निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. डोकेदुखी व मळमळ असताना वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरावे. पूर्वी त्रास झालेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

जयाल यांनी घडवलेल्या परंपरेतून पुढे शेकडो गिर्यारोहक निर्माण झाले. शिखर आपल्या जागी उभेच असते. त्याच्याकडे जाणाऱ्याने धीर धरावा, हा धडा त्यांच्या अल्पायुषी पण तेजस्वी जीवनाने सर्वांना दिला आहे.