विश्लेषण : विश्वास किती टक्के, हे मोजायचे कसे? अवघी २६ वर्षे जगलेल्या फ्रँक रॅम्झी यांचे उत्तर काय होते?

मोबाइलवर उद्या पावसाची शक्यता ७० टक्के दिसते. फासा शंभर वेळा टाकून पाहता येतो, पण उद्याचा दिवस एकदाच उजाडणार असतो. मग हे ७० टक्के नेमके कशाचे? केंब्रिजचे तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ फ्रँक रॅम्झी यांनी १९२६ मध्ये या प्रश्नाचे असे उत्तर दिले, की संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांना पुढे त्याची दखल घ्यावी लागली.

कोण होते फ्रँक रॅम्झी?

रॅम्झी यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिजमध्ये झाला. वडील तेथेच गणिताचे अध्यापक होते. धाकटे बंधू मायकेल पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. फ्रँक मात्र नास्तिक होते. ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकत असतानाच त्यांनी लुडविग विटगेन्श्टाइन यांच्या 'ट्रॅक्टेटस' या अवघड जर्मन ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादात मोठा वाटा उचलला. हा अनुवाद १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते विशीतही पोहोचले नव्हते. पुढच्याच वर्षी ते ऑस्ट्रियातील खेड्यात शाळामास्तर असलेल्या विटगेन्श्टाइन यांना भेटायला गेले. १९२४ मध्ये, २१ व्या वर्षी, ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. त्यामागे अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा पाठिंबा होता.

केन्स यांच्याशी मतभेद कशावरून?

केन्स यांनी १९२१ मध्ये संभाव्यतेवर मोठा ग्रंथ लिहिला होता. पुरावा आणि निष्कर्ष यांच्यात एक तार्किक नाते असते, ते विचारी माणसाला थेट जाणवते आणि तीच संभाव्यता, अशी त्यांची मांडणी होती. रॅम्झी यांचा आक्षेप साधा होता. असे नाते आपल्याला जाणवत नाही आणि इतरांनाही जाणवत असावे असे दिसत नाही. कारण अगदी सोप्या उदाहरणातही ते नाते किती, यावर लोकांचे एकमत होत नाही. आपली कारकीर्द ज्यांच्या पाठबळावर उभी राहत होती, त्यांच्याच सिद्धांताच्या पायावर हा घाव होता. तरीही दोघांचा स्नेह टिकला.

मग विश्वास मोजायचा कसा?

रॅम्झी यांनी मनात डोकावण्याऐवजी कृतीकडे पाहिले. एखाद्या गोष्टीबद्दल आतून किती तीव्रतेने वाटते, यावरून विश्वास मोजता येत नाही. आपले नाव काय, याची प्रत्येकाला पक्की खात्री असते, पण त्याबद्दल कोणी भावनेने उचंबळत नाही. त्यामुळे त्या विश्वासावर माणूस काय करायला तयार आहे, हे पाहावे. पाऊस पडल्यास १०० रुपये देणारे तिकीट कोणी जास्तीत जास्त ७० रुपयांना घेत असेल, तर पावसावरचा त्याचा विश्वास ढोबळमानाने ७० टक्के.

यात पैशांची अडचण कशी सुटली?

रोजंदारीवरच्या मजुराचे १०० रुपये आणि उद्योगपतीचे १०० रुपये सारखे नसतात. शिवाय कोणाला पैज लावण्यातच मजा येते, तर कोणी त्यापासून लांब राहतो. म्हणून रॅम्झी यांनी पैशांऐवजी आवडीनिवडीचाच आधार घेतला.

समजा, एकाला केळ्यापेक्षा आंबा अधिक आवडतो. छापा पडला तर आंबा आणि काटा पडला तर केळे, असा एक सौदा आहे. दुसरा नेमका उलट. दोन्ही सौदे त्याला सारखेच वाटत असतील, तर छापा पडण्यावरचा त्याचा विश्वास बरोबर निम्मा ठरतो. आता असा सौदा आणि हमखास मिळणारा चिकू यांतही त्याला फरक वाटत नसेल, तर त्याच्या लेखी चिकू हा आंबा आणि केळ्याच्या मध्यावर आला. असे मध्य काढत गेले की आवडीची मोजपट्टी तयार होते आणि तिच्या आधारे इतर कोणताही विश्वास मोजता येतो.

विसंगत विश्वासाचा तोटा काय?

समजा, एखाद्याला पाऊस पडण्याची खात्री ६० टक्के वाटते आणि न पडण्याचीही ६० टक्के. तो दोन्ही बाजूंची तिकिटे प्रत्येकी ६० रुपयांना घेईल, म्हणजे १२० रुपये खर्च करील. पाऊस येवो वा न येवो, हाती १०० रुपयेच पडतील. २० रुपयांचा तोटा ठरलेला. अशा पैजांच्या सापळ्याला आज 'डच बुक' म्हणतात. संभाव्यतेचे नियम मोडणारा माणूस त्यात अडकू शकतो, म्हणून हे नियम म्हणजे सुसंगत विश्वासाचेच नियम आहेत, असे रॅम्झी यांनी दाखवले.

सुसंगत असणे पुरेसे आहे का?

नाही. कोणी रोजच पावसाची खात्री ९९ टक्के आणि न पडण्याची १ टक्का धरत असेल, तर बेरीज बरोबर भरते आणि वरच्या सापळ्यात तो सापडत नाही. पण त्याच्या गावात आठवडेच्या आठवडे कोरडे जात असतील, तर त्याला शहाणा कोण म्हणेल? म्हणून रॅम्झी यांनी दुसरी कसोटी सांगितली. विचार करण्याची प्रत्येक सवय प्रत्यक्षात किती वेळा खरी ठरते, ते तपासावे आणि विश्वासही तेवढाच ठेवावा. या भूमिकेवर अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांचा प्रभाव होता.

हे विचार जगापर्यंत कसे पोहोचले?

'सत्य आणि संभाव्यता' या विषयावरचा हा निबंध रॅम्झी यांच्या हयातीत छापला गेलाच नाही. दरम्यान कररचना आणि बचत यांवरचे त्यांचे दोन लेख अर्थशास्त्रात, तर तर्कशास्त्रावरचा एक लेख गणितात नव्या शाखांची सुरुवात ठरला. १९२९ च्या अखेरीस त्यांना कावीळ झाली. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली, पण १९ जानेवारी १९३० रोजी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी लेटिस आणि दोन लहान मुली होत्या.

मित्र रिचर्ड ब्रेथवेट यांनी १९३१ मध्ये त्यांचे लेखन प्रसिद्ध केले. ते वाचून केन्स यांनी विश्वासाच्या मोजमापाबाबत रॅम्झी यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य केले. इटलीचे गणितज्ञ ब्रुनो दे फिनेत्ती त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोहोचले होते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५४ मध्ये दोघांचे विचार एकत्र गुंफले आणि निर्णयशास्त्राला भक्कम पाया मिळाला.

मोबाइलवरच्या ७० टक्क्यांनाही रॅम्झी यांच्या दोन्ही कसोट्या लावता येतात. पाऊस न पडण्याची शक्यता ३० टक्केच धरली आहे ना, हे लगेच कळते. ७० टक्के सांगितलेल्या दिवसांपैकी साधारण तेवढ्या दिवशी पाऊस खरोखर पडतो का, हे कळायला मात्र बऱ्याच दिवसांची नोंद ठेवावी लागते.