मुक्ता साळवे

पेशवाई लयास जाऊन सदतीस वर्षे लोटली होती. १८५५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात ‘ज्ञानोदय’ पत्राच्या अंकात एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता मांग व महार यांचे दुःख, आणि तो लिहिला होता पुण्यातील मांग समाजात जन्मलेल्या एका मुलीने. तिचे वय अवघे चौदा वर्षांच्या सुमारास होते. निबंधाचा उरलेला भाग १ मार्चच्या अंकात आला. या मुलीचे नाव मुक्ता साळवे.

मुक्ता ज्या वस्तीत वाढली तेथे पाटी व लेखणी यांचे दर्शनही दुर्मिळ होते. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८५२ साली वेताळ पेठेत अस्पृश्य मुलांसाठी विद्यालय उघडले. सावित्रीबाई शिकवावयास निघाल्या की त्यांच्या अंगावर शेणमाती पडे. लहुजी वस्ताद साळवे यांच्यासारख्या पहिलवानाचा आधार मिळाला म्हणून या शाळांत मुले येऊ लागली. अशा शाळेत मुक्तेने तीन वर्षे शिक्षण घेतले. तेवढ्या अल्प शिदोरीवर तिने लेखणी उचलली.

अस्पृश्यांच्या हालांविषयी पूर्वी कोणी बोलले नव्हते असे नाही. परंतु बोलणारे बहुधा दुरून पाहणारे होते. मुक्तेने प्रथमच ‘आम्ही’ या शब्दाने ते दुःख मांडले. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने थेट परमेश्वरासच विचारला. पेशवाईतील क्रौर्याच्या कथाही तिने लिहिल्या. तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांगमहाराचे शिर उडवून, तलवारीचा दांडू व शिराचा चेंडू करून गुलटेकडीच्या मैदानावर खेळ चाले. इमारतीच्या पायात माणसांना तेलशेंदूर पाजून पुरीत. कोणी लिहावाचावयास शिकला तर त्याला शासन होई. या गोष्टी तिच्या जन्मापूर्वीच्या. त्या तिने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असाव्यात.

परंतु निबंधाचे खरे सामर्थ्य तिने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींत आहे, आणि त्या दिसावयास अगदी लहान आहेत. बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर धड छप्पर नसते. पावसात व थंडीत तिचे काय होत असेल, याचा वाचकाने स्वतःच्या अनुभवावरून विचार करावा, असे ती सांगते. तिला रोग जडला तर वैद्याला देण्यास पैसा कोठून येणार? उच्च जातीची मुले दगड मारून डोके फोडतात, तरी मांगमहारांची मुले तक्रार करीत नाहीत. कारण उष्टे अन्न मागावयास त्याच दारी जावयाचे असते. या एका कारणात गुलामीचे सारे यंत्र उघडे पडते. मार खाणाऱ्याच्या मौनाचा अर्थ बाहेरच्या मनुष्यास इतक्या सहजपणे सांगता आला नसता. पुढे लिहिता लिहिता तिला रडू कोसळू पाहते, आणि तेही ती लपवीत नाही. महार मांगांना कमी लेखतात, हेही तिने स्पष्ट लिहिले. स्वजनांची भीड तिने धरली नाही. या साऱ्यावर ज्ञान हेच औषध आहे, अशी तिची श्रद्धा होती.

याच सुमारास अमेरिकेतही गुलाम स्वतःच्या कथा लिहीत होते. मेरीलँडमध्ये दास्यात जन्मलेला फ्रेडरिक डग्लस १८३८ साली पळून गेला आणि १८४५ साली त्याने आपली जीवनकथा छापली. धनीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागली तेव्हा धन्याने तिला अडविले. मग गोऱ्या गरीब मुलांना पाव देऊन तो वाचावयास शिकला. त्याचे अस्खलित भाषण ऐकून हा कधी गुलाम असेल असे पुष्कळांना वाटेना, म्हणून त्याने पुस्तकात धन्यांची व गावांची नावे घातली. मुक्तेने ते पुस्तक पाहिले असेल असे मानण्यास आधार नाही. तरी अक्षरांची बंदी दोघांच्याही लेखनात आहे. दोन दूर देशांतील धन्यांना एकच भय वाटत होते. योगायोग असा की, तिचा निबंध छापणारे ‘ज्ञानोदय’ हे पत्र अमेरिकन मिशनऱ्यांनीच १८४२ साली अहमदनगरास सुरू केले होते.

पुढे १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या ग्रंथाच्या अठरा वर्षे आधी त्यांच्याच शाळेतील मुलगी बोलून गेली होती.

मुक्तेचे दुसरे लेखन उपलब्ध नाही. निबंधाचे ते दोन भाग मात्र टिकून राहिले. १९९१ साली भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा एक मोठा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात तिच्या निबंधाचे भाषांतर आले आणि पुण्याच्या त्या शाळकरी मुलीचे शब्द परदेशांतील विद्यापीठांत वाचले जाऊ लागले.